भोसरीत बनलेला पॅटन: बुरूज अव्वल, पट्टे कच्चे

1965च्या भारत-पाक युद्धावरच्या चित्रपटांसाठी भोसरीचं एक वर्कशॉप एम-48 पॅटन या पाकिस्तानने वापरलेल्या अमेरिकी रणगाड्याची प्रतिकृती बनवून देतं. बुरूज, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, फायबरचा, पण शेवटच्या थरात रेझिनमध्ये बारीक वाळू कालवून ती ब्रशने ठोकत लावलीय. ओतीव पोलादाचा खरखरीतपणा हुबेहूब उतरलाय. हात लावून बघावं असं काम! बाजूला सहा-सहा चाकंही बरोबर. घोटाळा चाकांभोवती फिरणाऱ्या पट्ट्यांत आहे. पट्टा वर उचलून धरणारे आधार-रोलर गाळल्यामुळे तो सोव्हिएत टी-55 रणगाड्यासारखा थेट चाकांवर लोळतो. नगरचं रणगाडा संग्रहालय इतकं जवळ असताना ही चूक व्हायला नको होती. ऑर्डर देताना रोलर लावूनच मागा. रंग पूर्ण मॅट सांगा, चकाकीवर लाइट पडला की फायबरचे जोड दिसतात.