स्क्रिप्ट कोणाच्या नावाने चालवावी: सूएक्झेक की पीएचपी-एफपीएम?

डेबियन किंवा उबुंटूवर अपाची या वेब सर्व्हरमध्ये मॉड-पीएचपी (पीएचपी स्क्रिप्ट अपाचीच्या आतच चालवणारे मॉड्यूल) बसवून बाकी काही बदलले नाही, तर सर्व्हरवरील प्रत्येक साइटची स्क्रिप्ट ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या एकाच युजरच्या नावाने चालते. मग एका साइटच्या जुनाट प्लगिनमधून कोणी आत शिरला, की शेजारच्या साइटच्या कॉन्फिग फाइलमधला डेटाबेसचा पासवर्डही त्याला वाचता येतो. प्रत्येक साइटला स्वतंत्र युजर हवाच. ठरवायचे आहे ते कोणत्या मार्गाने.

सूएक्झेक अपाचीच्या १.२ आवृत्तीपासून आहे. रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, अधिकाराने सुरू होणारा हा छोटा प्रोग्रॅम वीसेक अटी तपासतो आणि मगच ठरलेल्या युजरच्या नावाने सीजीआय स्क्रिप्ट (सर्व्हरने स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून चालवायची स्क्रिप्ट) चालवतो. फाइलची परवानगी ७५५ ऐवजी ७७५, म्हणजे गटालाही लिहिण्याची मुभा देणारी, असली, तरी तो नकार देतो. ब्राउझरमध्ये फक्त ५०० ची चूक दिसते आणि खरे कारण सूएक्झेकच्या लॉगमध्ये सापडते. हा काटेकोरपणा मला मोलाचा वाटतो, पण साध्या सीजीआयमध्ये दर विनंतीला नवी प्रोसेस उभी राहते, आणि गर्दीच्या साइटला ते झेपत नाही.

पीएचपी-एफपीएम, म्हणजे पीएचपीच्या प्रोसेस अपाचीपासून वेगळ्या चालवणारी व्यवस्था, २०१० मध्ये ५.३.३ आवृत्तीपासून मूळ पीएचपीत आले. यात प्रत्येक साइटसाठी वेगळा पूल (प्रोसेसचा संच), त्याचा वेगळा युजर आणि वेगळे सॉकेट (अपाची जिथून विनंती पोचवतो ते दार) ठेवता येते. मेमरी कमी असेल, तर ‘ऑनडिमांड’ पद्धतीने रिकाम्या प्रोसेस आपोआप बंद होतात.

माझ्या मते निर्णय ज्यावर व्हावा, तो फरक मात्र वेगाचा नाही. सूएक्झेकची अट अशी की, स्क्रिप्टचा मालक आणि ती चालवणारा युजर एकच असला पाहिजे. त्यामुळे स्क्रिप्ट ताब्यात गेली की ती स्वतःचाच कोड बदलू शकते. एफपीएममध्ये कोडचा मालक एक आणि चालवणारा दुसरा ठेवून लिहिण्याची मुभा केवळ अपलोडच्या फोल्डरला देता येते. म्हणून पीएचपीसाठी मी एफपीएमच सुचवेन. जुन्या पर्ल स्क्रिप्ट असतील, तर सूएक्झेक योग्य आहे. एमपीएम-आयटीके (मॉड-पीएचपी ठेवूनच प्रत्येक साइट वेगळ्या युजरच्या नावाने चालवणारे अपाचीचे मॉड्यूल) हा तिसरा मार्ग मॉड-पीएचपी सोडणे शक्यच नसेल तेव्हाचा, कारण त्यात विनंती वाचून होईपर्यंत अपाची रूटच्या अधिकारात राहतो.

एफपीएम निवडताना दोन गोष्टी नीट पाहाव्यात. एकाच मास्टर प्रोसेसखालील सर्व पूल एकच ओपीकॅश (संकलित पीएचपी कोडचा मेमरीतला साठा) वापरतात, त्यामुळे फाइल वाचण्याची परवानगी तपासणारे त्याचे सेटिंग, जे मुळात बंद असते, ते चालू करावे. तसेच सॉकेटची परवानगी ०६६० (फक्त मालक आणि गटाला वापरता येईल अशी) आणि गट ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ असेल, तर साइटच्या युजरला सोयीसाठी म्हणून त्या गटात कधीही घालू नये. घातल्यास तो थेट शेजारच्या सॉकेटला विनंती पाठवून शेजाऱ्याच्या नावाने हवा तो कोड चालवू शकतो.