लग्नाची 'कॅसेट' आणि २५६ जीबीचा पेनड्राईव्ह

आमच्याकडे लोक अजून 'कॅसेट'च म्हणतात. "ताई, लग्नाची कॅसेट कधी देताय?" असं फोनवर विचारणाऱ्या काकांच्या घरातून कॅसेट लावायचं यंत्र भंगारात जाऊन पंधरा वर्षं झाली असतील, पण शब्द घर सोडत नाही. मी देते तो पेनड्राईव्ह.

मी कराडात लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. शूटिंग माझं नाही. एक दादा पाटणचे आणि एक उंब्रजचे, ते शूट करून कॅमेऱ्याची मेमरी कार्डं आणून देतात. पुढची कापाकापी, गाणी, रंग आणि अधूनमधून "तो मामा काढून टाका" हे सगळं माझ्या गळ्यात. म्हणजे दिवसभर माझं काम मोठ्या फायलींशी. फोर-के शूटिंग १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाईट) झालं की तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, हळद ते वरात. तुम्हीच हिशोब करा.

एवढं सगळं इकडून तिकडे न्यायला चांगला पेनड्राईव्ह कुठला, हे मला गेल्या लगीनसराईत तीनदा ठेच लागून कळलं. शेवटी मी सॅनडिस्कचा एक्स्ट्रीम प्रो, २५६ जीबी, घेतला. त्याच्याबद्दल सांगतेच, पण आधी त्या ठेचा.

पहिली ठेच पाटणच्या दादांनी आणली. "ताई, हे बघा काय मिळालं! २ टीबी, ७९९ रुपयांत." चकचकीत धातूचा, वर कंपनीचं नाव नाही, नुसता '२ टीबी' आकडा. ऑनलाइन मागवला होता. मी लावून बघितला तर कॉम्प्युटरनेही इमानदारीत जवळजवळ २ टीबी दाखवले. रात्री त्यांचं सगळं फुटेज, १८० जीबीच्या आसपास, कॉपीला लावून झोपले. सकाळी फायली सगळ्या जागेवर, नावं बरोबर, साईजही बरोबर. साखरपुडा उघडला, छान. हळद उघडली, अर्ध्यात थांबली. लग्न उघडलंच नाही.

खेळ असा असतो की आतल्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा असते ३२ जीबी, आणि कॉम्प्युटरने विचारलं की ती सांगते २ टीबी. कॉम्प्युटर बिचारा लिहीत जातो. खरी जागा भरली की पुढचं लिहिलेलं एक तर हवेत जातं, नाहीतर आधीच्याच्या डोक्यावर बसतं. फायलींच्या नावांची यादी मात्र सुरुवातीच्या खऱ्या जागेत लिहिलेली असते, म्हणून नावं सगळी दिसतात. दादांनी चिडून तो पेनड्राईव्ह पक्कडीने उचकटला. आत हिरव्या पट्टीवर नखाएवढं मायक्रोएसडी कार्ड बसवलेलं, बाजूला डिंकाचा थेंब. आम्ही दोघंही थोडा वेळ नुसते बघत राहिलो.

मूळ कार्डं तेव्हा पुसलेली नव्हती म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी ती मल्हारपेठेला दुसऱ्या लग्नात जाणार होती.

तेव्हापासून माझ्याकडे नवा पेनड्राईव्ह आला, मग तो दुकानातून येवो की पाहुण्यांकडून, की पहिली एच२टेस्टडब्ल्यूची परीक्षा. फुकटचा, बारका प्रोग्राम आहे, इन्स्टॉलही करावा लागत नाही. तो रिकाम्या ड्राईव्हवर एकेक जीबीच्या फायली ठासून भरतो आणि मग सगळं परत वाचून जुळवून बघतो. मॅक किंवा लिनक्सवाल्यांसाठी एफ३ नावाचा तसाच प्रोग्राम आहे. साधा ६४ जीबीचा ड्राईव्ह तपासायला तास-सव्वा तास जातो. जाऊ दे, तेवढ्यात भाकऱ्या होतात. ड्राईव्ह रिकामा असतानाच लावायचं, एवढं लक्षात ठेवा. आणि ६४ जीबीचा ड्राईव्ह विंडोजमध्ये ५९ च्या आसपास दिसला तर ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. एका नवरदेवाने यावरून दुकानदाराशी भांडण काढलं होतं, म्हणून सांगून ठेवते.

दुसरी ठेच वेगाची. ही फसवणूक नव्हती, म्हणून जास्त चिडचिड झाली. ड्राईव्ह नामांकित कंपनीचा, अस्सल, परीक्षेत पास. खोक्यावर मोठ्या अक्षरात '१५० एमबी प्रति सेकंद', आणि त्याच्या आधी मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात 'पर्यंत'. मी ५४ जीबीची फायनल फिल्म टाकायला घेतली. पहिले दोन-तीन जीबी फटाफट गेले, ऐंशी-नव्वदच्या वेगाने. मग विंडोजच्या त्या हिरव्या आलेखात डोंगराचा एकदम कडा झाला, आणि खाली १२ एमबीवर सपाट मैदान. शेवटपर्यंत मैदानच. सव्वा तास लागला. उंब्रजचे दादा सोफ्यावर बसून दोनदा चहा प्यायले, आणि खाली पार्टी गाडी चालू ठेवून उभी.

खोक्यावरचा आकडा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नाही. स्वस्त ड्राईव्हच्या खोक्यावर लिहिण्याचा आकडा बहुतेक वेळा छापलेलाच नसतो, आणि नसला की समजून जायचं. सुरुवातीचा जोर कशाचा, तर आतल्या मेमरीचा एक छोटा भाग पटकन लिहून घेण्यासाठी राखलेला असतो. तो भरला की खरा वेग उघडा पडतो. चार फोटो आणि एक पीडीएफ नेणाऱ्याला हे जन्मात कळणार नाही. मोठी फाईल असली की तेच सगळं असतं.

यूएसबी ३.० च्या नावांचा घोळही याच वेळी कळला. २००८ साली आलं ते ३.०, त्यालाच पुढे ३.१ जेन १ म्हणायला लागले, आणि आता ३.२ जेन १. तिन्ही एकच, ५ जीबीपीएस. 'अहो हे थ्री पॉईंट टू आहे, लेटेस्ट' म्हणून दोनशे रुपये जास्त मागणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडायचं. २.० मात्र घेऊ नका. त्याची कागदावरची मजल ४८० एमबीपीएस, प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबीच्या पुढे जात नाही. आणि पेनड्राईव्ह निळ्या पोर्टात एका दमात खोचा. ३.० च्या पिना आतल्या बाजूला असतात. हळूहळू, कौतुकाने सरकवत नेलात तर कॉम्प्युटर पुढच्या पिनांवरूनच त्याला २.० समजून मोकळा होतो. वेग विचित्र कमी वाटला की मी काढून ठसक्यात परत लावते, निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं.

तर एक्स्ट्रीम प्रो. कंपनी वाचायला ४२० आणि लिहायला ३८० एमबी प्रति सेकंद सांगते. लिहिण्याचा आकडा छापलाय, याच गोष्टीवर मी निम्मी राजी झाले होते. तीच ५४ जीबीची फिल्म, तोच लॅपटॉप. वेग सुरुवातीला साडेतीनशेच्या घरात, पुढे उतरला, पण दोनशेच्या आसपास टिकून राहिला. चार मिनिटांच्या थोडं वर. मला आधी वाटलं कॉपी झालंच नाही, मग उघडून शेवटची पाच मिनिटं बघितली. वरात होती, बेंजोसकट.

अंग ॲल्युमिनियमचं आहे, तोंड आत-बाहेर सरकतं, त्यामुळे टोपण हरवायचा प्रश्न नाही. माझ्याकडे आजवर जेवढी टोपणं हरवली, त्यांची माळ झाली असती. हातात जड लागतो. मोठी कॉपी झाली की कोमट होतो, तेही बरोबरच, धातूचं अंग उष्णता बाहेरच टाकतं. अंगाने जाडही आहे, शेजारी माऊसचं डोंगल असेल तर जरा दाटीवाटी होते. मी घेतला तेव्हा पाच हजारांच्या जवळपास गेले, आणि हल्ली मेमरीचे भाव इतके हलतात की तुमच्या दुकानात काय असेल ते तिथेच विचारा. घरी आकडा ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात चांगली पैठणीची ओढणी आली असती." आली असती, खरं आहे.

किंग्स्टनचा डेटाट्रॅव्हलर मॅक्सही बघितला होता. कंपनी त्याला हजार वाचायला, नऊशे लिहायला सांगते. आकडे बघून तोंडाला पाणी सुटलं, पण तो वेग मिळायला १० जीबीपीएसचं पोर्ट लागतं, आणि माझा लॅपटॉप जुना, ५ चाच. बैलगाडीच्या वाटेवर बुलेट कशाला? तुमचं मशीन नवं असेल तर जरूर बघा, टाईप-सी आणि साधं तोंड, दोन्ही प्रकारांत मिळतो.

एवढ्या पैशात पोर्टेबल एसएसडी, म्हणजे केबलने जोडायची चिपवाली हार्डडिस्क, का नाही, असं उंब्रजच्या दादांनी विचारलंच. प्रश्न रास्त आहे. कच्चं फुटेज चार-पाचशे जीबी असतं, त्याला मी एसएसडीच वापरते, दर जीबीला स्वस्तही पडते. पण तिची केबल असते, आणि केबल ही वस्तू नेहमी दुसऱ्या गावात असते. फिल्म घेऊन प्रोजेक्टरवाल्याकडे जायचं, रिसेप्शनच्या स्क्रीनला लावायचं, तेव्हा पर्सच्या कप्प्यात टाकून निघता येईल असंच काहीतरी हवं.

तिसरी ठेच उरली. ती सगळ्यात जुनी, आणि आजही कुणाला ना कुणाला लागतेच. ड्राईव्हवर ५० जीबी रिकामे, फाईल ६ जीबीची, आणि कॉम्प्युटर म्हणतो फाईल मोठी आहे, बसत नाही. दुकानदार म्हणतो ड्राईव्ह खराब. खराब नाही हो! तो एफएटी३२ या फायली मांडायच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला असतो, आणि त्या पद्धतीत एक फाईल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही. माझ्याकडे आलेला एक ६४ जीबीचा कारखान्यातूनच तसा आला होता. एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट केला की मिटलं, विंडोज आणि मॅक दोघांनाही चालतं. फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं, हे सांगायला नको, पण सांगते.

मिटलं म्हणजे माझ्यापुरतं मिटलं. गिऱ्हाईक पेनड्राईव्ह लावतं टीव्हीला. एका मुलीच्या वडिलांनी घरी पंचवीस माणसं बोलावली, जेवणं उरकली, टीव्ही लावला, आणि पडद्यावर काहीच नाही. त्यांचा टीव्ही एक्सफॅट ओळखत नव्हता. रात्री साडेनऊला फोन, मागे माणसांचा गलका, आणि काका शांतपणे विचारतायत, "ताई, तुम्ही रिकामाच दिलाय का?" रागावले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून आता मी दोन गोष्टी देते. ३२ जीबीचा साधा ड्राईव्ह, एफएटी३२, खास टीव्हीसाठी. त्यात फुल एचडी, हळद वेगळी, लग्न वेगळं, वरात वेगळी. १० एमबीपीएसने पाऊण तासाचा तुकडा साडेतीन जीबीच्या आत बसतो. व्हिडिओ दाबून लहान करायच्या जुन्या पद्धतीत, एच.२६४ मध्येच काढते, कारण जुन्या टीव्हींना नवीन एचईव्हीसी पद्धत झेपत नाही, आवाज येतो आणि चित्र काळं. दुसरा ६४ किंवा १२८ जीबीचा, एक्सफॅट, त्यात अख्खी फोर-के फिल्म. तो कुठल्याही चांगल्या कंपनीचा, ३.२ जेन १, धातूच्या अंगाचा. तिथे महागडा एक्स्ट्रीम प्रो द्यायची गरज नाही, वाचायचंच काम आहे. भाचे-पुतणे असलेल्या घरांत दोन तोंडांचा, एका बाजूने टाईप-सी असलेला विचारतात. फोनला लागतो, त्यामुळे फिल्म त्याच रात्री स्टेटसवर जाते.

एक सवय अजून पाटणच्या दादांना लागत नाहीये. कॉपीची पट्टी संपली की ते ड्राईव्ह उपटतात. 'इजेक्ट' करा म्हटलं की म्हणतात, विंडोजमध्ये आता नाही लागत. खरं आहे, २०१८ च्या विंडोज १० पासून पटकन काढता येईल अशीच मूळ सेटिंग असते. पण मॅकवर ते चालत नाही, आणि प्रोजेक्टरवाल्याकडे मॅक आहे. एकदा ५ मिनिटांचं प्री-वेडिंग गेलं तेव्हा दोन दिवस इजेक्ट केलं, तिसऱ्या दिवशी परत उपटलं.

खोक्यात मी हल्ली एक चिठ्ठी टाकते, हातानेच लिहिलेली: 'छोटा टीव्हीला, मोठा कॉम्प्युटरला. पेनड्राईव्ह ही जपून ठेवायची जागा नव्हे. आठवड्याच्या आत कॉम्प्युटरवर किंवा हार्डडिस्कवर कॉपी करा. आमच्याकडची प्रत ६ महिन्यांनी पुसली जाते.' चिप न वापरता वर्षानुवर्षं कपाटात पडली तर त्यातला डेटा हळूहळू विरू शकतो, एवढं सगळं चिठ्ठीत मावत नाही, म्हणून देताना तोंडी सांगते. सगळे माना डोलावतात.

मागच्या आठवड्यात मसूरच्या एका मावशींना फोन केला, सहा महिने होत आले होते, म्हटलं पुसायच्या आधी विचारावं. "कॉपी केलीत ना, मावशी?" म्हणाल्या, "काही काळजी करू नका ताई, चिठ्ठीसकट देवघरात ठेवलाय."