दहा बोटांचे बेचाळीस हजार

सोलापूरच्या गड्डा जत्रेत दरवर्षी आकाशपाळण्यासाठी हट्ट धरणारी आमची पोरगी यंदा जत्रेच्या होम मैदानाकडे फिरकलीसुद्धा नाही. आठवीत आहे. दिवाळीनंतर रोज शाळेच्या वेळेला तिचं पोट दुखायचं, रविवारी मात्र दुखायचं नाही. मग एकदा वेणी घालताना कानामागे रुपयाएवढं टक्कल दिसलं. केस ती स्वतःच उपटत होती.

मी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते, हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमवर असतात. "सिव्हिलला मनाच्या डॉक्टरला दाखवा," असं शेजारच्या अक्का म्हणाल्या तेव्हा त्यांचा रागच आला मला. त्या ओपीडीपुढे कुणी ओळखीचं भेटलं तर? उद्या पोरीच्या लग्नात कुणी विषय काढला तर? ही माझी लाजच पुढं त्या लोकांच्या कामाला आली.

गड्डा उरकला आणि आठ दिवसांत शाळेत पालकांसाठी 'मोफत शिबिर' झालं. पहिल्या मजल्यावर काचेचं ऑफिस असलेल्या एका सेंटरची माणसं आली होती. त्यांच्या तोंडात मन, आजार, उपचार हे शब्दच नाहीत. 'ब्रेन मॅपिंग', 'हिडन टॅलेंट', 'फोकस'. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू! शिबिर मोफत, पण दहा बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा नकाशा काढायचे साडेतीन हजार. चाळीस पानांचा रंगीत रिपोर्ट आला. त्यात लिहिलं होतं की मुलगी हळवी आहे, हुशार आहे, पण आत्मविश्वास कमी पडतो. मला सांगा, आठवीतल्या कुठल्या मुलीला हे लागू पडणार नाही?

मग पॅकेज. बेचाळीस हजार. "एवढे नाहीत," म्हटलं तर मॅडम हसून म्हणाल्या, "ताई, पोरीपेक्षा पैसा मोठा का?" भिशीचे सात हजार मी रोख दिले. उरलेल्या पस्तीस हजारांसाठी यांचं आधार, पॅन घेतलं, मोबाईलवर ओटीपी आला तो यांनी सांगितला. आम्हाला वाटलं, सेंटरचेच दहा हप्ते आहेत. ते फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. सेंटरला पैसे पहिल्याच दिवशी मिळून गेले, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून साडेतीन हजार आपोआप कापायला आमचीच मंजुरी होती.

आठवड्यातून दोनदा डोळ्यांवर पट्टी बांधून कार्ड हुंगून रंग ओळखायचे, कानाला हेडफोन लावून पडून राहायचं. पट्टीखालून दिसतं, हे पोरीनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी तिलाच दटावलं. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळायचा दाखलाही देऊ म्हणाले होते. अध्ययन अक्षमतेसाठी, म्हणजे लिहिण्या-वाचण्यातल्या अडचणीसाठी, सरकारनं अधिकार दिलेल्या रुग्णालयाचाच दाखला चालतो, हे मला फार उशिरा कळलं. पण सगळ्यात वाईट काय, तर "सायकियाट्रिस्टकडे नेऊ नका, एकदा गोळ्या सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत," हे वाक्य दर भेटीत. पैशाचं दुःख आहेच, पण या वाक्यापायी माझ्या लेकराचे चार महिने वाया गेले.

मे महिन्यात मॅडम म्हणाल्या, प्रगती मोजायला पुन्हा स्कॅन करू. पुन्हा दहा बोटं. पोरगी मशीनपुढून हात मागं घेत म्हणाली, "आई, बोटं तीच की गं. आधारला पण तीच लागतात." घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. सुतानं घासून ह्यांच्या बोटांचे ठसे रेशनच्या मशीनवर उमटतच नाहीत. म्हणाले, "मग माझं डोकं कोरंच म्हणायचं की!"

बोटांच्या रेघा आईच्या पोटातच तयार होतात आणि जन्मभर बदलत नाहीत. त्यांच्यावरून प्रगती कशी मोजणार? ठशांवरून बुद्धी आणि स्वभाव सांगण्याच्या या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही जाहीर केलेलं आहे.

पैसे परत मागायला गेले तर पावती पुढं केली. पावतीवर 'ॲक्टिव्हिटी ट्रेनिंग किट' लिहिलेलं. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात, 'हे वैद्यकीय निदान नाही'. कर्जाचं विचाराल तर फायनान्सवाल्यांशी बोला. हप्ता चुकला तर दंड वेगळा.

शेवटी अक्कांनीच 14416 नंबर लावून दिला. टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलतात. तिथल्या बाईंनी मला एकदाही लाजवलं नाही, सिव्हिलला जा म्हणाल्या. केसपेपरचे पैसे आमच्या रिक्षाभाड्यापेक्षा कमी. डॉक्टरांनी मला बाहेर बसवून आधी पोरीशीच बोलून घेतलं. ती काय बोलली ते इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. गोळी दिली नाही, दर गुरुवारी बोलायला बोलावलं.

तिथंच कळलं की 'काउन्सिलर' अशी पाटी कुणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे मात्र भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक असावाच लागतो आणि तो मागायचा आपल्याला हक्क आहे. मी साडी घेताना चार दुकानं फिरते, इथं एक कागद मागितला नाही.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, म्हणून तिथलेही कागद जमवतेय. पावती, रिपोर्ट, हप्त्यांचे मेसेज, मॅडमचे व्हॉट्सॲप, काहीच पुसलेलं नाही. तुमचंही असं झालं असेल तर पुसू नका.

काल पाच तारखेचा सातवा हप्ता कापला. तीन राहिलेत. कानामागे बारीक केस यायला लागलेत म्हणते; मला बघू देत नाही, वेणी आता स्वतःच घालते.