पहिली टेक्सस की सव्वीसावी नॉर्थ कॅरोलायना?

अमेरिकी यादवीत एकाच लढाईत दक्षिणेच्या कोणत्या पायदळ रेजिमेंटचं सर्वाधिक रक्त सांडलं? टक्केवारी पाहिली तर पहिली टेक्सस. 17 सप्टेंबर 1862, मेरीलँडमधल्या अँटिटमच्या लढाईतलं मक्याचं शेत: 226 जण आत शिरले, 186 मेले, जखमी झाले किंवा हरवले. म्हणजे 82 टक्के, तेही एका सकाळीत. झेंडाही तिथेच गेला.

आकडा पाहिला तर सव्वीसावी नॉर्थ कॅरोलायना. 1 जुलै 1863 रोजी गेटिसबर्गजवळच्या झाडीत सुमारे 800 जण उत्तरेच्या चोविसाव्या मिशिगन रेजिमेंटवर चालून गेले. झेंडा धरणारे डझनाहून अधिक पडले. त्यांचा कर्नल हेन्री बर्गविन अवघा 21 वर्षांचा. झेंडा हाती असतानाच त्याला प्राणघातक गोळी लागली. झाडी जिंकली, पण जवळजवळ तीन चतुर्थांश रेजिमेंट गारद! उरलेल्यांना 3 जुलैच्या हल्ल्यात पुन्हा उघड्या माळावरून पाठवलं.

मला दुसरीची कथा जड वाटते. टेक्ससवाले आवेशात पुढे धावले आणि एकटे सापडले. नॉर्थ कॅरोलायनावाल्यांना मात्र एक दिवसाआड पुन्हा मरणाच्या तोंडी दिलं. (लढाई गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांसाठी होती, हे शौर्याचे गोडवे गाताना हमखास विसरलं जातं.) दोन्ही रेजिमेंटच्या शिल्लक शिपायांनी एप्रिल 1865 मध्ये व्हर्जिनियातल्या अ‍ॅपोमॅटॉक्सला शस्त्रं खाली ठेवली.