सात महिने किमयेची चिन्हे वापरल्यानंतर: पारा टिकला, गंधकाने मजकूर गिळला

न्यूटनच्या किमयाविषयक हस्तलिखितांवर टिपणे लिहिताना चित्रे न डकवता मूळ चिन्हे अक्षरांसारखीच टंकावीत, असे मी सात महिन्यांपूर्वी ठरवले. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, ती २०१० सालच्या ६.० आवृत्तीपासून आहेत आणि त्या पहिल्या ११६ चिन्हांमागे इंडियाना विद्यापीठातील न्यूटन-प्रकल्पाचाच प्रस्ताव होता. त्यामुळे माझ्या कामात अडचण येण्याचे काही कारण मला दिसत नव्हते.

दुसऱ्याच आठवड्यात बाराशे शब्दांचे एक टिपण भाड्याच्या सर्व्हरवरील माझ्या विदागारात (डेटाबेसमध्ये) जतन करून पुन्हा उघडले, तेव्हा त्याच्या अडीच ओळी उरल्या होत्या. मजकूर नेमका गंधकाच्या चिन्हापाशी (🜍) तुटला होता. त्याआधीचा पारा (☿) मात्र जागच्या जागी होता आणि त्यानेच मला चार दिवस चकवले. पाऱ्याचे चिन्ह ग्रहचिन्हांच्या जुन्या संचातले, क्रमांक ९७९१, म्हणून ते तीन बाइटांत मावते. गंधकाचा क्रमांक १२८७८१ असल्यामुळे त्याला चार बाइट लागतात. हे विदागार चालवणाऱ्या मायएसक्यूएल या प्रणालीत अक्षरे साठवण्याच्या ज्या पद्धतीला ‘यूटीएफ८’ म्हणतात ते प्रत्यक्षात तीन बाइटांपलीकडे जात नाही, आणि नियम सैल ठेवलेले असतील तर चौथा बाइट दिसताच ते पुढचा सगळा मजकूर टाकून देते. दिसलीच तर एखादी सूचना, नाहीतर तीही नाही.

सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने दोन उपाय सुचवले: चिन्हे वापरू नका, किंवा दुप्पट भाड्याची योजना घ्या. एका गंधकासाठी दुप्पट भाडे भरण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून तीन महिने मी चिन्हाऐवजी त्याचा अंकी संकेत टंकत राहिलो आणि हा संच केवळ शोभेचा आहे, असे मत करून बसलो.

ते मत आता मागे घेतो. चौथ्या महिन्यात मी स्वतःच विदागारातील तक्ते चार बाइटांच्या ‘यूटीएफ८एमबी४’मध्ये बदलले, मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्तीतील अनुक्रमणिकेच्या (इंडेक्सच्या) ७६७ बाइटांच्या मर्यादेमुळे शीर्षकाचा स्तंभ २५५ अक्षरांवरून १९१ वर आणावा लागला, पण खर्च शून्य. त्यानंतर व्हिनेगरचे चिन्ह (🜊) शोधपेटीत टाकताच ते आलेली सर्व टिपणे समोर आली. चित्रे डकवली असती तर हे कधीच जमले नसते.

तक्रारी अजून आहेत. सोन्यासाठी सूर्याचे ☉ आणि किमयेच्या संचातले 🜚 अशी दोन वेगळी चिन्हे आहेत. एक शोधल्यावर दुसरे सापडत नाही, त्यामुळे कोणते वापरायचे हे पहिल्याच दिवशी ठरवावे. टंकांचे (फॉन्टचे) म्हणाल तर नोटो सॅन्स सिम्बॉल्स हा टंक जोडल्यावर चिन्हांच्या जागी दिसणाऱ्या रिकाम्या चौकटी गेल्या. तांबे (♀) आणि लोखंड (♂) यांचा मात्र मला खरोखर संताप येतो. शुक्र आणि मंगळ यांची ही चिन्हे पुढे स्त्री-पुरुषांची इमोजी म्हणूनही मान्य झाल्यामुळे माझ्या फोनवर सतराव्या शतकातील धातूच्या कृतीत मध्येच प्रसाधनगृहाच्या दारावरच्यासारखी रंगीत पाटी उमटते. चिन्हामागे ६५०३८ क्रमांकाचे अदृश्य अक्षर जोडले की ते साध्या रूपात दिसायला हवे. संगणकावर तसे दिसते, फोनवरील एका अ‍ॅपमध्ये अजूनही नाही. तिथे मी आता सरळ ‘तांबे’ असे लिहितो.