मीडियम की लार्ज? जुनं पॅराग्लायडर घेताना वजनाचा हिशेब

हार्नेस (बसायची पट्ट्यांची खुर्ची), रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट), हेल्मेट, बूट, ३ लिटर पाणी आणि पाठीवर विंगची, म्हणजे ग्लायडरच्या कापडाची पिशवी, असं सगळं अंगावर चढवून मी चोपड्यात कापसाच्या काट्यावर उभा राहिलो. मापाड्याने वर-खाली पाहिलं, "हाई काय शे भाऊ?" म्हणाला, आणि काटा शून्यावर आणून मला पुन्हा उभं केलं. आकडा तोच, ९२ किलो. घरी मी ७२ भरतो. म्हणजे २० किलो नुसतं सामान.

जुनं ग्लायडर बघायला निघण्याआधी हे वजन करून घ्या, एवढी विनंती आहे. विकणारा "नव्वद किलोवाल्याला चालेल" म्हणतो तेव्हा तो अंगाचं वजन सांगतोय की एकूण, हे बरेचदा त्यालाही माहीत नसतं. कापडाच्या आतल्या बाजूला शिवलेली पट्टी वाचावी. तिथे सहसा उड्डाणाचं एकूण वजन असतं, आणि त्यात खुद्द विंगचे ५-६ किलोही आले. इएनची, म्हणजे युरोपीय मानकाची चाचणी किमान आणि कमाल अशा दोन्ही वजनांवर उडवून होते. त्या आकड्यांच्या बाहेर गेलात की ए-बी-सी या सुरक्षेच्या दर्जाला अर्थ उरत नाही.

माझ्यासमोर एकाच मॉडेलची, बी दर्जाची दोन जुनी ग्लायडरं होती. मीडियम ७५ ते ९५ किलोचं आणि लार्ज ९० ते ११० चं. ९२ दोन्हीकडे बसतं, आणि घोळ तिथेच आहे.

पहिल्यांदा मन लार्जकडे गेलं, आणि त्याची कारणंही चांगली होती. टेक-ऑफला कमी धावावं लागतं, हिवाळ्यातल्या हलक्या थर्मलमध्येही (वर चढणाऱ्या गरम हवेत) ते तरंगत राहतं, उतरताना पाय अलगद टेकतात. आपल्या उन्हात तर हे जास्तच पटतं. ४० अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण ८ टक्के विरळ असते, त्यामुळे सगळंच थोडं वेगाने घडतं. नवीन माणसाने एवढ्यासाठी लार्ज घेतलं तर मी त्याला चुकीचं म्हणणार नाही.

विकणाऱ्याने ते चार दिवस वापरायला दिलं, म्हणून कामशेतला नेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी टॉवर हिलवरून निघालो आणि वर समोरचा वारा वाढला. खाली एक पत्र्याचं शेड होतं, निळ्या टाकीचं. ती टाकी माझ्या बुटाच्या टोकाखाली आली आणि तिथून हलेचना. दोन्ही हात वर, ब्रेकच्या दोऱ्या पूर्ण सोडलेल्या, तरी टाकी तिथेच. माझ्यानंतर निघालेले दोघं माझ्या खालून पुढे गेले, उतरले, विंगा गोळा करायलाही लागले. मी स्पीडबार (वेग वाढवणारा पायातला दांडा) दाबून धरला तेव्हा कुठे टाकी इंचाइंचाने मागे सरकली. मांड्या थरथरत होत्या. शिवाय बार दाबलेला असताना विंगचा कोन कमी होतो, पुढची कड मिटायची भीती वाढते. म्हणजे ज्या निवांतपणासाठी मोठी साइज घ्यायची, तोच गरजेच्या वेळी हातात राहत नाही.

हिशेब साधा आहे. वेग वजन आणि क्षेत्रफळाच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने बदलतो. क्षेत्रफळ १० टक्के जास्त, तर वेग ५ टक्क्यांच्या आसपास कमी. ताशी ३७ चे ३५. कागदावर हे दोन किलोमीटर किरकोळ वाटतात. त्या टाकीवर लटकलेल्या माणसाला ते किरकोळ वाटत नाहीत.

मीडियमवर तसाच वारा नंतर दोनदा मिळाला, दोन्ही वेळा बारला पाय न लावता पुढे आलो. थर्मलच्या कडेवर कापड ताठ राहतं, ब्रेकला जीव असल्यासारखा वाटतो. आता दुसरी बाजूही सांगायला हवी. वजनाने भरलेलं विंग मिटतं कमी, पण मिटलंच तर जोरात वळवतं. लँडिंगला दोन पावलं जास्त पळावं लागतं. हरभरा काढलेल्या आमच्या रानात जमिनीवर सराव करतानाही ते डोक्यावर झपकन येतं, ब्रेक वेळेवर लावावा लागतो. ज्याचा सराव महिन्यातून एकदाच होतो, त्याला हे कदाचित नको वाटेल.

कापडाची सच्छिद्रता (त्यातून हवा किती झिरपते) आणि दोऱ्यांची लांबी दोन्हीची तपासून घ्यायचीच, त्यावर वेगळं लिहीत नाही. एक मात्र राहून जातं. जुन्या सेटबरोबर रिझर्व्ह फुकट मिळतं, त्याचीही कमाल मर्यादा असते. मला मिळालेलं ८५ किलोपर्यंतचंच होतं. ते परत केलं.

मीडियमवर माझ्याकडे फक्त ३ किलोची सवड आहे. हिवाळी जॅकेट आणि कॅमेरा आला की पाणी एक लिटर कमी नेतो. तुमचा काटा ९४-९५ दाखवत असेल, तर दिवाळीचा फराळ धरून विचार करा आणि लार्जच बघा. ९० ते ९२ असेल, तर मीडियम एकदा वाऱ्यात उडवून बघितल्याशिवाय लार्जचे पैसे देऊ नका.