जुन्या लॅपटॉपवर लुबंटू की मिंट एक्सएफसीई?

२०११-१२ च्या सुमाराचा कोअर आय-थ्री, ४ जीबी रॅम, आत अजून मूळचीच हार्ड डिस्क. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि असे बरेच लॅपटॉप कपाटात गेले. त्यांच्यासाठी विंडोजऐवजी टाकायच्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये खरी निवड माझ्या मते या दोघांतच आहे: लुबंटू, म्हणजे उबंटू लिनक्सची हलकी आवृत्ती, आणि मिंट एक्सएफसीई, म्हणजे लिनक्स मिंटची हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती.

नुसता डेस्कटॉप (खिडक्या, मेनू, पॅनेल) पाहिला तर लुबंटू हलका, यात वाद नाही. २ जीबीच्या मशीनवर तो फरक लगेच जाणवतो. ४ जीबीवर मात्र ब्राउझरचे चार टॅब उघडले की वाचवलेली रॅम कुठल्या कुठे जाते.

माझ्यापुरता निकाल लावला तो फायरफॉक्सने. २२.०४ आवृत्तीपासून लुबंटूत तो स्नॅप म्हणून येतो, म्हणजे उबंटूच्या स्वतःच्या ॲप-पॅकेज प्रकारात. स्नॅपची फाइल कॉम्प्रेस केलेली असते. ती वाचता वाचता प्रोसेसरला उलगडावी लागते. हार्ड डिस्कवर बूटनंतर पहिल्यांदा उघडताना तो इतका रेंगाळतो, की क्लिक लागलंच नाही असं वाटून माणूस पुन्हा क्लिक करतो आणि थोड्या वेळाने दोन खिडक्या उघडतात. त्यात स्नॅपची अपडेट्स मागे आपोआप चालू असतात, तेव्हा डिस्कचा दिवा विझत नाही. स्नॅप काढून एप्टने (सॉफ्टवेअर टाकायच्या नेहमीच्या कमांडने) फायरफॉक्स टाकला, तरी परत स्नॅपच येतो, कारण उबंटूच्या रिपॉझिटरीतलं (सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन साठ्यातलं) ते पॅकेज नावापुरतं आहे, ते स्नॅपच ओढून आणतं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची एप्ट रिपॉझिटरी जोडून तिला १००० प्रायॉरिटी द्यावी (म्हणजे उबंटूच्या पॅकेजऐवजी तिथलं घेतलं जातं), तेव्हा कुठे सुटका होते. मिंटमध्ये फायरफॉक्स साधं डेब पॅकेज (एप्टने येणारा नेहमीचा प्रकार) आहे आणि २०२० च्या मिंट २० पासून स्नॅप मुळातच बंद ठेवलेलं आहे.

ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असेल तर मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर नेट नसतानाही इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून ड्रायव्हर घेतो. लुबंटूत ड्रायव्हर उतरवण्यापुरतं मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं नेट वापरणं (टेदरिंग) सोपं पडतं. सपोर्टही पाहा, म्हणजे अपडेट्स कधीपर्यंत मिळतील: लुबंटू २४.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत, मिंट २२ ला २०२९ पर्यंत.

काहीही टाका, आधी २४० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी बसवा. तिच्यावर स्नॅपचा त्रासही बराच कमी होतो, तरी घरातल्या वडीलधाऱ्यांना लॅपटॉप द्यायचा असेल तर मी मिंटच सुचवेन. रॅम २ जीबीच्या वर जातच नसेल तर लुबंटू घ्या, झेडरॅम (रॅममधला डेटा कॉम्प्रेस करून जागा वाचवणारी सोय) चालू करा आणि मोझिलाची ती रिपॉझिटरी पहिल्याच दिवशी जोडून टाका.